अलॉय चाकांना वॅक्स, सीलंट की सिरॅमिक? सोलापूरचं ऊन, बोअरचं पाणी आणि ब्रेकची भुकटी

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी,

नवी गाडी, १६ इंची डायमंड कट अलॉय. पुढून चकचकीत, खाचांत काळा रंग. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. आठवड्यातून एकदा पुणे हायवे, बाकी दिवस सात रस्ता, होटगी रोड असं गावातलंच फिरणं. धुतल्यावर चार दिवसांत पुढच्या दोन्ही चाकांवर तपकिरी-काळी भुकटी बसते. नुसत्या पाण्याने ती जात नाही. बोटाने पुसली तर जाते, पण खाली बारीक ठिपके राहतात. मागची चाकं त्या मानाने स्वच्छ असतात.

घरी बोअरचं पाणी आहे, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ९०० च्या आसपास दाखवतो. गाडी दिवसभर उघड्यावर, उन्हात.

दुकानात चार प्रकार दाखवले: डबीतलं कार्नौबा वॅक्स, बाटलीतलं पॉलिमर सीलंट, ‘सिरॅमिक’ लिहिलेला स्प्रे आणि खास चाकांसाठीचं ३० मिलीचं सिरॅमिक कोटिंग. इथल्या हवेत यातलं कोणतं घ्यावं? लावायच्या आधी चाकाची तयारी किती करावी? चाकं खोलूनच लावायला पाहिजे का? आणि वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, ‘अॅसिड मारतो, दोन मिनिटांत चकाचक.’ ते करू द्यावं का?

---

चाकदुरुस्ती_अक्कलकोट_रोड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. अॅसिड अजिबात मारू देऊ नका. बिनलेबलच्या कॅनमधलं ते पाणी बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं, कधी त्यात फ्लोराइडही असतं. चाकावर कुठे खडा लागून लॅकर (वरचा पारदर्शक थर) उडालं असेल तर ते सरळ आत शिरतं आणि अॅल्युमिनियम खायला लागतं. नटांवरचा मुलामा जातो, डिस्क तासाभरात गंजून तांबडी होते. फ्लोराइडवालं अॅसिड माणसालाही घातक आहे. कातडीवर पडलं तर लगेच दुखत नाही, काही तासांनी खोल भाजल्यासारखं होतं. मारणाऱ्या पोरांच्या हातात हातमोजेही नसतात.

आता चाकाबद्दल. डायमंड कट म्हणजे चाक आधी पूर्ण रंगवायचं, मग सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर पुढचा भाग छिलून उघडं अॅल्युमिनियम बाहेर काढायचं आणि त्यावर पारदर्शक लॅकर मारायचं. तुम्हाला चकाकताना दिसतो तो धातू, पण हात लागतो तो लॅकरला. धातूला हवा-पाण्यापासून वाचवतं ते लॅकर. सीलंट किंवा वॅक्स लॅकरला भुकटीपासून, उन्हापासून आणि धुण्याच्या साबणापासून वाचवतं. हा फरक लक्षात ठेवला की बाटलीवरच्या मोठ्या दाव्यांचं वजन आपोआप कळतं.

या चाकांची कच्ची जागा म्हणजे छिललेला भाग आणि रंगीत खाच जिथे मिळतात ती धारदार कड. धारेवर लॅकर कधीच जाड बसत नाही, ओलं असतानाच ते दोन्ही बाजूंना ओघळतं. गंज तिथूनच सुरू होतो. लॅकरच्या खाली पांढरे, केसासारखे वाकडेतिकडे धागे पसरायला लागले की समजायचं, ओल आत गेली. त्यानंतर वरून काहीही लावलं तरी उपयोग नाही. लॅकर काढून चाक परत लेथवर घ्यावं लागतं. प्रत्येक कटिंगला धातू कमी होतो, त्यामुळे एका चाकावर हे फार वेळा करता येत नाही. गाडी नवी असतानाच विचारताय ते बरं झालं.

भुकटीचं कारण साधं आहे. डिस्क बिडाची, पॅडमध्ये राळ, तंतू आणि बऱ्याच पॅडमध्ये लोखंडाचा चुराही. ब्रेक दाबला की दोन्हींचे गरम कण उडतात आणि लॅकरला चिकटतात. ओल लागली की तो चुरा तिथेच गंजतो, म्हणून तपकिरी रंग. तुम्हाला पुसल्यावर दिसतात ते ठिपके म्हणजे लॅकरमध्ये रुतलेलं गंजकं लोखंड. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो. मागे ड्रम आहे, भुकटी ड्रमच्या आतच राहते.

आता चारही प्रकार.

कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. गावात चालवताना चाकाचा पुढचा भाग इतका तापत नाही, पण वितळण्याच्या बऱ्याच आधी मेण मऊ पडतं आणि मऊ मेणाला धूळ चिकटते. मे महिन्यात गाडी उन्हात, वर ब्रेकची उष्णता. चाकावर ते तीन-चार आठवडे टिकलं तरी पुष्कळ. चमक छान देतं, पण चाकासाठी मी घेणार नाही.

पॉलिमर सीलंट उष्णतेला जास्त दाद देत नाही. साध्या शाम्पूने लगेच उतरत नाही. नीट लावलं तर चाकावर दोन ते तीन महिने चालतं.

सिरॅमिक लिहिलेल्या स्प्रेत सिलिका थोडी आणि सिलिकॉन-पॉलिमर जास्त असतो. टिकण्याच्या हिशोबात त्याला पॉलिमर सीलंटचाच भाऊ समजा. लावायला सगळ्यात सोपा.

चाकाचं खरं कोटिंग, म्हणजे कार्प्रोचं डीलक्स किंवा ग्यॉनचं रिम यांसारखं, हवेतली ओल घेऊन घट्ट होतं आणि लॅकरवर कडक थर तयार करतं. आम्ल-अल्कली साबण, उष्णता, लोखंडाचा चुरा यांना चौघांत तेच सगळ्यात चांगलं तोंड देतं. वर्षभर धरायला हरकत नाही. पण तयारीत कसर राहिली तर ती वर्षभर तशीच दिसत राहते.

उघड्यावर उभी राहणारी आणि घरी धुतली जाणारी गाडी असेल तर माझं मत पॉलिमर सीलंटला. कोटिंग तेव्हाच, जेव्हा चाकं खोलून, सावलीत, एक पूर्ण दिवस देता येईल.

---

डिटेलिंग_बाळे

वरच्या दादांशी निवडीबाबत सहमत. मी तयारी आणि लावण्याबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के सीलंट वाईट नसतं, घाणीवर लावलेलं असतं.

चाक थंड पाहिजे. तळहात आरामात ठेवता आला पाहिजे, नाहीतर थांबा. गरम डिस्कवर गार पाणी मारलं तर डिस्क वाकडी व्हायचा धोका असतो आणि गरम चाकावर कुठलंही केमिकल वाळून डाग पडतो. एका वेळी एकच चाक घ्या, चारही चाकांवर फवारून मोकळं होऊ नका.

पहिलं धुणं साध्या पाण्याने, दाबाने. प्रेशर वॉशरचं नोझल टायर आणि व्हॉल्व्हपासून फूटभर लांब, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) रबरावर सरळ धार नको. मग बादलीत न्यूट्रल पीएचचा शाम्पू, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. चाकांची बादली आणि ब्रश वेगळे ठेवा. त्यातलं फडकं बॉडीला लागता कामा नये, नाहीतर लोखंडाचा चुरा रंगावर चरे पाडतो. स्पोकच्या मागच्या बाजूला आणि नटांच्या खड्ड्यांत मऊ केसांचा छोटा ब्रश फिरवा.

आता ठिपक्यांसाठी आयर्न रिमूव्हर. यात थायोग्लायकोलेट असतं, ते गंजक्या लोखंडाशी मिळून जांभळं होतं. सुकलेल्या चाकावर फवारा, म्हणजे पाण्याने पातळ होणार नाही. १६ इंची चाकाला दहा-पंधरा फवारे पुरतात. तीन ते पाच मिनिटं थांबा, मध्ये ब्रशने हलवा. वाळायला लागलं की लगेच धुवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाच मिनिटंही कधी जास्त होतात, तिथे दोन मिनिटांचे दोन हात मारा. नायट्राइलचे हातमोजे घाला, वास कुजक्या अंड्यासारखा येतो, मोकळ्या जागेतच करा. दुसऱ्या वेळी जांभळं ओघळ येणं जवळजवळ बंद झालं म्हणजे चाक लोखंडातून सुटलं.

हायवेचं डांबर राहतं ते काळ्या बिंदूंसारखं, विशेषतः स्पोकच्या आतल्या बाजूला. टार रिमूव्हर फवारू नका, फडक्यावर घेऊन बिंदूवर मिनिटभर दाबून धरा. कारण चाकाच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात. टार रिमूव्हर त्यांच्या गोंदात शिरला की वजन सुटतं आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक टायरला दोष देत बसतात. रॉकेलने डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर सीलंट धरत नाही. पेट्रोल तर नकोच.

बोट फिरवल्यावर अजून खरखर लागली तर क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), भरपूर शाम्पूच्या पाण्यासह. चाकाला वापरलेला क्ले परत बॉडीला वापरायचा नाही.

वाळवल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सर्जिकल दुकानात मिळतं. एक भाग अल्कोहोल, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर. यामुळे शाम्पूचा, जुन्या वॅक्सचा, टायर पॉलिशच्या सिलिकॉनचा शेवटचा थर जातो. ही पायरी बरेच जण टाळतात आणि मग ‘सीलंट पंधरा दिवसांत गेलं’ म्हणतात. ते गेलेलं नसतं, कधी बसलेलंच नसतं.

सीलंट लावताना हात आखडता घ्या. एका चाकाला चहाचा एक लहान चमचा, साधारण ५ मिली. फोमच्या पॅडवर घ्या, थेट चाकावर ओतू किंवा फवारू नका. डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर एक थेंब जरी गेला तर ब्रेकची पकड कमी होते. चुकून गेलाच तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. दिसेल न दिसेल असा पातळ थर द्या, जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसायला जड जातो. बोट फिरवून स्वच्छ रेघ उमटली की पुसायला तयार, हे सावलीत १५ ते ३० मिनिटांत होतं. दुसरा हात तासाभराने. दुसऱ्या हाताचा हेतू राहिलेल्या जागा भरून काढणं हा असतो, कारण नटांचे खड्डे आणि स्पोकच्या कडा पहिल्या हातात सुटतातच.

त्यानंतर बारा तास पाणी नको. म्हणजे शनिवारी सकाळी लावलं तर त्याच दिवशी धुवायची घाई करू नका.

---

भीमाकाठ

तुमच्या ९०० टीडीएसबद्दल कुणीच बोललं नाही आणि सोलापुरात खरी गोम तीच आहे. सीलंट लावल्यावर पाणी थेंब थेंब होऊन उभं राहतं. तो थेंब उन्हात जागेवर वाळला की त्यातला सगळा चुना त्याच गोलात बसतो. म्हणजे सीलंट लावलेल्या चाकावर बोअरचे पांढरे डाग उलट जास्त ठळक दिसतात. पृष्ठभाग चांगला आहे म्हणून डाग पडणार नाहीत अशा समजुतीत राहू नका.

उपाय धुण्याच्या शेवटी आहे. साबण बोअरच्या पाण्याने धुतला तरी चालेल, पण अखेरचा हात कमी क्षारांच्या पाण्याचा द्या. चार चाकांना हातपंपाच्या फवाऱ्यातून पाच लिटर पुरतं. आरओचं शुद्ध पाणी चालतं. आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र गाडीला वापरू नका. गाळून मागे उरलेले क्षार त्यातच असतात, त्यामुळे तुमच्या बोअरपेक्षाही ते जड निघतं. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने बरेच जण ते बादलीत साठवून गाडी धुतात आणि काचा-चाकं पांढरी करून घेतात. ते फरशीला, संडासाला वापरा. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवा. हवेतली वाफ गार होऊन झालेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. सुती फडक्यातून गाळून घेतलं की झालं.

नळाला उजनीचं पाणी येतं त्या दिवशी चाकं धुवायचा बेत केला तरी फरक जाणवेल, आपला मीटर लावून बघा. बहुतेक ठिकाणी ते बोअरपेक्षा हलकंच निघतं.

पडलेले डाग: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबर ओला करून डागावर एक मिनिट ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. लॅकर उडालेल्या जागेवर नको. आणि घासून काढायचा मोह टाळा, चुन्याचे खडे लॅकरवर चरे पाडतात.

वाळवण्याबद्दल एक गोष्ट. आपल्याकडचे टेरी टॉवेल पाणी भरपूर पितात, चाकाची आतली बाजू आणि टायर कोरडं करायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. पण नवा टॉवेल दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातली खळ आणि सुटे धागे जाऊ द्या. सॉफ्टनर टाकू नका, त्याचा मेणचट थर राहतो. डायमंड कटच्या चकचकीत भागाला मात्र मऊ मायक्रोफायबरच, कारण टेरीच्या विणीत अडकलेला एखादा खडा लॅकरवर रेघ ओढून जातो.

---

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. अॅसिड बंद, हे नक्की. आरओचं वाया जाणारं पाणीच वापरलं जात होतं, तेही बंद.

आणखी दोन शंका. कोटिंग चाकं न खोलता फक्त पुढच्या भागाला करता येईल का? आणि खोलायचीच झाली तर काय काळजी घ्यायची?

---

कोटिंग_वाला_अण्णा

करता येतं. वर ‘खोलता आलं तरच कोटिंग’ असं आलंय, त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. ब्रेकची भुकटी आतल्या बाजूलाही भरते हे खरं, पण डोळ्याला त्रास देते आणि लॅकर खाते ती पुढची. पुढच्या भागाला कोटिंग आणि आतल्या बाजूला तीन महिन्यांनी सीलंटचा स्प्रे फडक्यावर घेऊन, ही जोडी व्यवस्थित चालते. चार चाकांचे फक्त पुढचे भाग करायला १० ते १५ मिली लागतं. आतूनही करायचं तर ३० मिलीची बाटली जवळपास संपते.

जपायचं ते तापमानाला. कोटिंगमधला द्रावक गरम पृष्ठभागावर झटकन उडतो आणि राहिलेला थर पुसायच्या आत घट्ट होतो. मग इंद्रधनुष्यासारखे किंवा काळपट पट्टे राहतात. चाकाचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आत हवा. एप्रिल-मेमध्ये इथे सकाळी सहा-सातलाच काय ते जमेल, तेही रात्रभर सावलीत उभ्या गाडीवर. नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. अवकाळीचा अंदाज बघून घ्या.

स्वेडच्या फडक्यावर सात-आठ थेंब, एका वेळी एक स्पोक, आडवं मग उभं. तेलकट-इंद्रधनुषी झाक दिसायला लागली की मऊ मायक्रोफायबरने हलक्या हाताने सारखं करा, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने. उन्हाळ्यात हे अर्ध्या मिनिटात होतं, हिवाळ्यात दोन मिनिटं लागू शकतात. घड्याळापेक्षा झाक बघा. टॉर्च तिरका धरून तपासा, कारण पट्टे समोरून दिसत नाहीत. राहून गेलेला पट्टा पहिल्या तासाभरात त्याच कोटिंगचा ओला थर फिरवला की बऱ्याचदा मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी मात्र पॉलिशच करावं लागतं. वापरलेली फडकी धुऊन परत वापरू नका, त्यातलं कोटिंग काचेसारखं कडक होतं.

किमान २४ तास कोरडं, पहिला आठवडा शाम्पू किंवा केमिकल नको. आणि कोटिंगच्या आधी वॅक्स किंवा सीलंट लावलेलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय कोटिंग धरणार नाही. उलटा क्रम चालतो: कोटिंगवर स्प्रे सीलंट बिनधास्त.

---

चाकदुरुस्ती_अक्कलकोट_रोड

अण्णांचं म्हणणं मान्य, फक्त पुढचा भाग हा चालणारा मार्ग आहे. खोलणार असाल तर हे बघा.

सपाट, पक्की जमीन, हँडब्रेक, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक. दाराखालच्या पट्टीजवळ दिलेल्या जॅकच्या जागेलाच जॅक लावा आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ काम करायचं नाही.

सीलंट किंवा कोटिंग दोन जागी कधीच लागता कामा नये. एक, चाकाची मागची सपाट बाजू जी हबला (गाडीचा चाक बसतो तो भाग) टेकते. दोन, नटांच्या शंकूसारख्या बैठका. तिथे घर्षण कमी झालं तर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आकडा बरोबर दाखवतो, पण नट प्रत्यक्षात जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो, स्टड ताणला जातो. आणि टेकणाऱ्या बाजूवर थर राहिला तर तो नंतर दबतो आणि नट ढिले होतात. मास्किंग टेप लावून दोन्ही जागा झाका. हबवर गंजाची पापुद्री असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. थरथर येण्याचं हेही एक कारण असतं.

बसवताना नट आधी हाताने, मग एकाआड एक ताऱ्याच्या क्रमाने. आवळण्याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना १०७ ते १२७ न्यूटन मीटर असतो, इतर छोट्या गाड्यांत कमीही असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका. पंक्चरवाल्याच्या एअर गनने शेवटचं आवळून घेऊ नका. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा तपासा. आणि निघायच्या आधी हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक दाबून बघा.

सीलंट संपलंय हे कसं ओळखायचं, तेही सांगून टाकतो. थेंब उभे राहत नाहीत एवढंच बघून फसू नका, वरचा मळही थेंब पसरवतो. शाम्पूने धुऊन झाल्यावर बघा. पाणी पत्र्यासारखं सपाट पसरून तसंच राहिलं, आणि आठवड्याची भुकटी फक्त दाबाच्या पाण्याने जायची ती आता ब्रश मागायला लागली, तर परत लावा. पुढची चाकं मागच्यांच्या आधी संपतात. पुढच्यांना दोन महिन्यांनी, मागच्यांना तीन-चार, असं केलं तर बाटली जास्त पुरते.

दर आठवड्याला आयर्न रिमूव्हर मारायची गरज नाही. तो लोखंडासोबत सीलंटचं आयुष्यही थोडं कमी करतो. आठवड्याला शाम्पू, सीलंट परत लावण्याआधी आयर्न रिमूव्हर, एवढं पुरे.

---

काळी_माती

पावसाळ्याचं एक. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोरात. शेतरस्त्यावर गेलं की काळी चिकणमाती चाकाच्या आत, स्पोकच्या मागे लप्पे धरते. ती वाळून एका बाजूला चिकटून राहिली की चाकाचा तोल जातो आणि हायवेला ६०-७० च्या पुढे गाडी नाचते. बॅलन्सिंगला पैसे घालायच्या आधी आत वाकून बघा. ओली असतानाच दाबाच्या पाण्याने निघते, वाळली की खरवडावी लागते आणि तिथेच लॅकर जातं. आत सीलंट असेल तर लप्पे अख्खेच्या अख्खे सुटतात. चाकाची आतली बाजू सीलंट करायचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे, ती दिसत नाही म्हणून सोडू नका.

ऊस हंगामात ट्रॉल्यांमागे फिरताना चाकांवर मळी आणि चिकट रस उडतो. तो साध्या पाण्याने विरघळतो, फक्त दोन-चार दिवस उन्हात भाजू देऊ नका.

---

मोहोळ_एक्सप्रेस

माझ्या गाडीला अलॉय नाहीत, काळ्या स्टीलच्या रिम आणि वर प्लास्टिकचं व्हील कव्हर. हे सगळं मला लागू आहे का? कव्हर काढलं तर आत गंज दिसतोय.

---

चाकदुरुस्ती_अक्कलकोट_रोड

ताई किंवा दादा, थोडं वेगळं आहे. स्टीलच्या रिमला गंज दिसतोय म्हणजे सीलंटची वेळ अजून आलेली नाही, आधी रंग. फक्त वरवरचा गंज असेल तर टायर न उतरवता १२० च्या पाणपेपरने लालसरपणा पूर्ण जाईपर्यंत घासा, मग ३२० ने कडा मऊ करा, धुऊन वाळवा, अल्कोहोलने पुसा. एपॉक्सी प्रायमरचा हात, तो वाळला की काळ्या रंगाचे दोन पातळ हात. नटांच्या बैठका आणि हबला टेकणारी बाजू इथेही टेपने झाकायची. गंजाचे खड्डे पडले असतील, विशेषतः टायर जिथे रिमला बसतो त्या कडेला, तर टायर उतरवून तपासून घ्या. हवा हळूहळू कमी होत असेल तर कारण तिथेच असू शकतं. तडा किंवा खोल खड्डा दिसला तर रिम बदला, रंगाने झाकू नका.

रंग पूर्ण वाळायला आठवडाभर द्या. मग त्यावर कॉलिनाइट ४७६एससारखं घट्ट पेस्ट वॅक्स चांगलं चालतं. स्टीलची रिम दोन भाग जोडून केलेली असते, त्या सांध्याच्या फटीत ओल राहते. बोटाने पेस्ट फटीत दाबून भरा आणि पुसताना फटीतलं तसंच राहू द्या. कव्हरखाली ते दिसत नाही, उन्हही लागत नाही, म्हणून अलॉयच्या तोंडापेक्षा इथे वॅक्स जास्त दिवस राहतं.

प्लास्टिकच्या कव्हरला आतून साचलेली माती महिन्यातून एकदा काढा, तीच ओल धरून ठेवते. कव्हर परत बसवताना हवेचा व्हॉल्व्ह कव्हरच्या खाचेत बरोबर येतोय ना ते बघा, मग हाताच्या तळव्याने चारही बाजूंनी थोपटून क्लिप बसवा. हातोडी नको, उन्हात कडक झालेल्या क्लिपा लगेच तुटतात.